बुधवारची ऑफर, शुक्रवारची गर्दी

सोमवारच्या मीटिंगमध्ये आमच्या मार्केटिंगच्या प्रमुख बाईंनी स्क्रीनवर एकच आकडा लावला : ८,०००. खाली ऑफरच्या ईमेलचं चित्र. बुधवारी दुपारी ५,५०० वर अडकलेली मॅचच्या तिकिटांची विक्री शुक्रवारी रात्री ८,००० वर गेली, मधल्या काळात निम्म्या किमतीची ऑफर गेली होती, म्हणजे अडीच हजार माणसं ऑफरने आणली, असा त्यांचा हिशेब. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तो तेव्हाही पटला नव्हता, अजूनही पटत नाही. मीटिंगमध्ये मला दोनेक मिनिटं मिळाली, तेवढ्यात हे मांडून होण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशरमधल्या एका व्यावसायिक रग्बी लीग क्लबच्या तिकीट विभागात काम करतो. क्लबचं नाव देत नाही. (रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंची रग्बी, पंधरा जणांची ती रग्बी युनियन, तो वेगळा खेळ आणि वेगळा प्रेक्षक.) पुढच्या घरच्या मॅचला किती तिकिटं जातील आणि त्यातली किती माणसं खरोखर आत येतील, हे आधी सांगायचं, हे माझं काम. त्या अंदाजावर स्टुअर्ड (मैदानावर गर्दी सांभाळणारे) किती बोलवायचे, टर्नस्टाइल (आत सोडणारी फिरती फाटकं) किती उघडायच्या, पाहुण्यांच्या पाठीराख्यांना किती जागा तोडून द्यायची, बारमध्ये बिअरची किती पिंपं चढवायची हे ठरतं. स्टुअर्ड पुरवणाऱ्या कंपनीला मंगळवारी आकडा लागतो. त्यामुळे माझ्या लेखी खरा अंदाज मंगळवारचा. गुरुवारी तर कोणीही सांगेल.

हा अंदाज बांधणं अवघड का आहे, ते बाहेरून कळत नाही. सुपर लीगमध्ये, म्हणजे इथल्या रग्बी लीगच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, क्लबला वर्षाला २७ फेऱ्या खेळायच्या असतात. त्यातली एक मॅजिक वीकेंडची, म्हणजे सगळे संघ एकाच त्रयस्थ मैदानावर खेळतात ती. उरलेल्या २६ मधल्या १३ घरी. म्हणजे दहा वर्षांचा सगळा इतिहास गोळा केला तरी माझ्या तक्त्यात जेमतेम १३० ओळी. त्यातून २०२० आणि २०२१ काढून टाका, कारण कोविडमध्ये आधी रिकाम्या मैदानावर आणि नंतर मर्यादित प्रेक्षकांत खेळले. २०१५ ते २०१८ ची वर्षंही सरळ वापरता येत नाहीत. तेव्हा २३ फेऱ्यांनंतर लीगचे आठ-आठ संघांचे गट पडायचे, शेवटच्या टप्प्यात कोण कोणाशी खेळणार हे आधी माहीत नसायचं, मग त्या मॅचची तिकिटं लोक आधी घेणार कुठून? २०२४ पासून प्रत्येक मॅच टीव्हीवर दिसते, म्हणजे त्याआधीचा प्रेक्षक आणि त्यानंतरचा प्रेक्षक यांनाही एका मापाने मोजता येत नाही. जे लोक 'मशीन लर्निंग लावून टाका' असं सहज म्हणतात, त्यांनी एकदा हा तक्ता उघडून बघावा.

त्यामुळे मी मॅचपेक्षा माणसांकडे बघतो. मॅचगणिक ओळी शंभराच्या घरात असल्या, तरी तिकीट घेणाऱ्यांच्या नोंदी लाखांत आहेत. कोण किती दिवस आधी घेतो, एकटा येतो की पोरांना घेऊन, पावसाचा अंदाज आला की थांबतो का, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येतो का. प्रत्येक प्रकारच्या मॅचला विक्रीची एक चढण असते. लांबच्या संघाविरुद्धची मॅच असेल तर विक्री दोन आठवडे आधीपासून थोडी थोडी चढते आणि शेवटी सपाट होते. दहा-बारा मैलांवरचा संघ येणार असेल तर बुधवारपर्यंत काहीच हलत नाही आणि मग एकदम उसळी.

पाहुण्यांच्या पाठीराख्यांचा अंदाज मात्र या कशातून येत नाही. तो आमच्या तिकीट खिडकीवरची एक सहकारी काढते. ती सोमवारी समोरच्या क्लबाच्या तिकीट ऑफिसला फोन लावते आणि तिकिटांबद्दल एक अक्षर न विचारता, बस किती ठरल्यात ते विचारते. एका बसमध्ये पन्नासेक माणसं. बसने किती येतात आणि स्वतःच्या गाडीने किती, हे प्रमाण प्रत्येक गावाचं वेगळं, आणि ते तिने वर्षानुवर्षं एका वहीत लिहून ठेवलंय. त्या वहीतले आकडे मी मॉडेलमध्ये घातले, तेव्हा पाहुण्यांच्या अंदाजातली चूक निम्म्याने घटली. या कामात मला सगळ्यात अभिमान कशाचा असेल तर त्या रकान्याचा. वरच्या मजल्यावर मात्र हे श्रेय तिला कोणी दिलं नाही; सादरीकरणात 'बाह्य डेटा' असं लिहिलं गेलं.

तर त्या शुक्रवारी समोर होता शेजारचाच संघ. मंगळवारी मी आकडा दिला : ७,६००, पाचशे इकडे किंवा तिकडे. सीझन पासधारक ४,२००, बाकीची विक्री तेव्हा हजारभर. बुधवारी दुपारी एकूण ५,५००. मी सांगितलं, या संघाविरुद्ध बुधवारी इतकीच असते, गेल्या वेळची चढण बघा, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. बाई म्हणाल्या, "आणि नाही आले तर? रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसतील." साडेतीनला सगळ्या यादीला ईमेल गेला : २८ पौंडांचं तिकीट १४ ला.

त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये कोण खेळणार हे केवळ गुणतक्त्यावर ठरत नाही. क्लबांना श्रेणी दिली जाते आणि त्या श्रेणीत सरासरी प्रेक्षकसंख्याही मोजली जाते. एकदा जाहीर आकड्यालाच गुण मिळायला लागले की तो आकडा फुगवणं हेच प्रत्येक क्लबाचं उद्दिष्ट होतं. ही व्यवस्थेतलीच खोट आहे, एकट्या आमच्या बाईंची नाही. शिवाय जाहीर होतो तो आकडा पास, विकलेली तिकिटं आणि फुकट वाटलेली तिकिटं यांची बेरीज. निदान आमच्याकडे तरी तसंच आहे. त्या शुक्रवारी ८,००० जाहीर झाले आणि गेटवर स्कॅन झाले साधारण ६,९००.

या खेळात मोजणीचा घोळ जुनाच आहे. ५ मे १९५४ ला ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांच्यात चॅलेंज कप या बाद फेरीच्या स्पर्धेच्या फायनलची फेरलढत झाली. बुधवारची संध्याकाळ, आणि अधिकृत नोंद १,०२,५६९ माणसांची. कुंपणावरून आत शिरलेले त्यात धरलेलेच नाहीत. इतके लोक येतील असं कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं. कामाच्या दिवशी, कामावरून सुटून लोक आले होते.

शुक्रवारी मी खिडकीपाशी उभा होतो. मॅच आठला. सव्वासातला रांग पार रस्त्यापर्यंत गेली. पिवळी परावर्तक जाकिटं अंगावर तशीच, हातात डब्याच्या पिशव्या, सरळ गोदामातून आलेली माणसं. एकाने मुलाला खांद्यावर घेतलं होतं आणि खिडकीवर २८ च्या हिशेबाने नोटा मोजून ठेवल्या. माझ्या सहकारीने त्याला सांगितलं की आज चौदाच आहे. तो म्हणाला, "का? काही झालंय का?" त्याला ऑफरचा पत्ताही नव्हता. त्याचा ईमेल आमच्याकडे नाहीच.

शनिवार-रविवार बसून मी ऑफरमधली तिकिटं एकेक ग्राहक क्रमांकाने जुन्या नोंदींशी ताडली. ऑफरच्या दरात गेलेली तिकिटं साधारण १,५००. त्यातली हजारभर अशा लोकांनी घेतली होती जे गेली दोन-तीन वर्षं शेजारच्या संघाविरुद्धच्या मॅचला येतातच, शेवटच्या दोन-तीन दिवसांत येतात आणि पूर्ण पैसे देऊन येतात. राहिले पाचशे. आता ढोबळ हिशेब करा. हजार जणांकडून प्रत्येकी १४ पौंड कमी घेतले, म्हणजे १४,००० गेले. पाचशे जण नवे धरले तर त्यांचे १४ प्रमाणे ७,००० आले. ते पाचशे आत येऊन बिअर पितात, खातात, हे खरं आहे आणि बाईंनी तो मुद्दा बरोबर मांडला. पण सात हजारांची तूट भरून निघण्याइतकं ते खातपीत नाहीत. बारचा हिशेबही मी बघितला.

मला जास्त सलतं ते वेगळंच. आमच्या ऑफिसात उशिरा तिकीट घेणाऱ्याला 'बेभरवशाचा' समजतात. त्याला ऑफरने ओढायचं, नाहीतर मॅचच्या दिवशी घेतलं म्हणून दोन-तीन पौंड जास्त लावून वळण लावायचं, या दोनच कल्पना. तो उशिरा का घेतो हे कोणी विचारत नाही. या पट्ट्यात कोळशाच्या खाणी होत्या. आता एम-६२ महामार्गाच्या कडेने गोदामं आहेत. पुढच्या आठवड्याची पाळी कधी बुधवारी कळते, कधी गुरुवारी, आणि ती आयत्या वेळी बदलते. ज्याला शुक्रवारी रात्री मोकळा आहे की नाही हेच बुधवारी ठाऊक नाही, तो दोन आठवडे आधी तिकीट कसं काढेल? रग्बी लीगचा जन्मच या प्रश्नातून झाला. शनिवारी खेळायला गेलं की गिरणीतली, खाणीतली त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरपाई खेळाडूंना मिळावी म्हणून उत्तरेतल्या क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. तेव्हा पाळीचा प्रश्न खेळणाऱ्यांचा होता, आज बघणाऱ्यांचा आहे. ज्या क्लबाला आपला इतिहास भिंतीवर लावायचा असतो, त्याने हे विसरू नये असं मला फार वाटतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉलची मॅच असली की पेठेतला माणूस आठवडाभर आधी काही ठरवत नाही. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि निघतो. म्हणून तो बेभरवशाचा, असं कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही. पाऊस असो, ऊन असो, सुतक सोडलं तर तो येणारच.

आणि पासधारक? त्यांनी थंडीच्या आधीच, संघात कोण असणार हे ठरायच्याही आधी, जवळजवळ तीनशे पौंड भरलेत. त्यांना एक मॅच बावीस-तेवीस पौंडांना पडते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस चौदाला बसलेला बघून त्यांनी लिहिलेले ईमेल मी वाचले, कारण उत्तरं द्यायला माझ्याच सहकारीला बसवलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं की त्या आणि त्यांचे वडील दर वर्षी पहिल्याच आठवड्यात पास घेतात, 'क्लबाला तेव्हा पैशांची गरज असते म्हणून'. ऑफर पाठवायच्या आधी ही माणसं कोणाच्याच डोळ्यांसमोर आली नाहीत, हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

आता माझ्या बाजूची कच्ची कडी. माझा अंदाज ७,६०० होता आणि झाले ८,०००. वरचे चारशे ऑफरने आणले असं म्हणायचा मोह होतो, ग्राहक क्रमांकांवरून निघालेल्या पाचशेशी ते जुळतंही. पण माझ्याच अंदाजात पाचशेची हलचल धरलेली आहे. म्हणजे ऑफर नसतीच तरी ८,००० झाले असते, हेही शक्य आहे. उलट, ज्या हजार जणांना मी 'आलेच असते' म्हणतो, त्यांतले काही त्या आठवड्यात पैशांच्या ओढाताणीने थांबलेही असते, आणि केवळ चौदा पौंड दिसले म्हणून आले. जे घडलं नाही ते मी मोजू शकत नाही. बाईही मोजू शकत नाहीत, पण त्यांचा आकडा स्क्रीनवर लागतो आणि पुढच्या हंगामाच्या आराखड्यात 'शेजारच्या मॅचला ऑफर' अशी ओळ जाते.

मी मागितलंय ते इतकंच. पुढच्या वेळी ऑफर काढाल तेव्हा यादीतल्या दर पाचांपैकी एकाला, चिठ्ठ्या टाकून, वगळा. मग वगळलेल्यांतले किती जण पूर्ण पैसे देऊन येतात ते बघू. उत्तर आलं की लोक आपसात बोलतात, एकाला मिळाली आणि भावाला नाही तर बोंबाबोंब होईल. हे खरं आहे, गाव लहान आहे. म्हणून मी सुधारून दिलं : घराच्या पत्त्याप्रमाणे वगळा, आणि वगळलेल्या घरांना त्यापुढच्या मॅचला तीच सवलत द्या. कोणाचं नुकसान नाही. त्यावर अजून होकार नाही, नकारही नाही.

दरम्यान त्या आठवड्यात तक्रार केलेल्या पासधारकांचे क्रमांक मी बाजूला काढून ठेवलेत. पासचं नूतनीकरण ऑक्टोबरात उघडेल. त्यांतले किती परत घेतात हे बाकीच्यांशी ताडून बघणार आहे, आणि तो तक्ता सोमवारच्या मीटिंगमध्ये ८,००० च्या शेजारी लावायला मागणार आहे.