७०,९४३ रुपयांचा फरक

देणगीदारांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाची बेरीज १९,४२,७१६ रुपये. टॅली या हिशेबप्रणालीच्या देणगी खात्यात १८,७१,७७३. फरक ७०,९४३. तारीख ३० मे २०२४, आणि २०२३-२४चा फॉर्म १०बीडी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार.

संस्था तालुक्याच्या गावात मुलींचं वसतिगृह चालवते. कचेरीत एक पूर्णवेळ लिपिक ताई, अधूनमधून येणारे लेखापाल आणि बँकेतून निवृत्त झालेले कोषाध्यक्ष काका. देणगीदारांचं सॉफ्टवेअर सिव्हीसीआरएम. ते मुक्त स्रोत आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत, संस्थेच्या वर्डप्रेस साइटवरच बसवता येतं. अशा संस्थांचा डेटा लावून देणं हे माझं काम.

१०बीडी म्हणजे कोणी, कोणत्या ओळखपत्रावर, कोणत्या मार्गाने, किती दिलं याचं प्राप्तिकर खात्याला द्यायचं विवरण. ८०जी (देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थांना ते २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. उशीर झाला तर १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम २३४जीखाली दिवसाला २०० रुपये, शिवाय कलम २७१केखाली १०,००० ते १,००,००० रुपये दंड होऊ शकतो. विवरण दाखल झाल्यावर साधारण २४ तासांनी देणगीदारांची १०बीई प्रमाणपत्रं (वजावटीसाठी लागणारी) प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतात, आणि तीही ३१ मेपर्यंतच द्यायची असतात. त्यामुळे कागदावर काहीही असो, मुदत ३० मेचीच धरावी.

काकांचं म्हणणं होतं, "अहो, टॅली बँकेशी जुळतंय. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच घोळ असणार." हे अर्धंच खरं निघालं.

टॅलीतली चूक आधी सापडली. ऑनलाइन देणग्या पेमेंट गेटवेमार्फत येतात आणि गेटवे आपलं शुल्क कापून दोनतीन दिवसांची रक्कम एकत्र खात्यात टाकतो. इथे शुल्क २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार रुपयांच्या देणगीला २३.६० कापले जाऊन ९७६.४० जमा. लेखापालांनी बँकेत आलेला आकडाच देणगी म्हणून घेतला होता. पण देणगीदाराने हजार दिले, पावती हजाराची, १०बीडीतही हजारच. वर्षभरात गेटवेतून चार लाख आले होते, त्यावरचं शुल्क ९,४४०. ते खर्चात दाखवून देणगी पूर्ण रकमेने नोंदवली. सिव्हीसीआरएममध्ये एकूण रक्कम, शुल्क आणि निव्वळ रक्कम अशी तीन वेगळी खणं असतात. गेटवेची सेटलमेंट फाइल महिन्याला आयात केली तर ती भरलेली येतात आणि निव्वळ रकमेची बेरीज बँकेशी पैशापर्यंत जुळते.

उरलेला फरक सॉफ्टवेअरमधलाच. पहिला २५,००० रुपयांचा चेक. तो न वटता परत आला, टॅलीत नोंद उलटवली गेली, सॉफ्टवेअरमध्ये मात्र देणगीची स्थिती 'कम्प्लीटेड' तशीच. ताई ती नोंद पुसून टाकायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. पुसली की पावती क्रमांकांच्या मालिकेत भोक पडतं आणि लेखापरीक्षक नेमकं त्यावर बोट ठेवतो. स्थिती 'कॅन्सल्ड' करायची, शेऱ्यात बँकेच्या परतीच्या मेमोचा क्रमांक लिहायचा. बेरजेतून रक्कम जाते, पावती क्रमांक 'रद्द' म्हणून राहतो.

दुसरी नोंद ५१,००० ची होती. डिसेंबरच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने सोलर हीटरसाठी तेवढी रक्कम जाहीर केली. त्या दिवशी लॅपटॉपवर बसलेल्या स्वयंसेवकाने ती थेट देणगी म्हणून टाकली. जाहीर केलेल्या रकमेसाठी सॉफ्टवेअरमध्ये 'प्लेज' हा वेगळा विभाग आहे. तिथे किती हप्ते, कधी येणार हे लिहिता येतं आणि पैसे येईपर्यंत ते जमेत धरले जात नाहीत. यातली अर्धी रक्कम एप्रिलमध्ये आली होती, म्हणजे तीही पुढच्या वर्षाची.

तिसरा प्रकार छोट्या संस्थांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून देणगीदार ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतो, त्या तत्परतेने नोंद करून पावती देतात. महिनाअखेरीस बँकेचं स्टेटमेंट आयात होतं आणि तीच देणगी पुन्हा आत येते. ५,००१ च्या दोन आणि १,५०१ ची एक अशा तीन देणग्या दुहेरी होत्या, ११,५०३ रुपये. सिव्हीसीआरएम एकच ट्रान्झॅक्शन आयडी दोनदा घेत नाही, अडवतं. पण हाताने केलेल्या नोंदीत ते खण रिकामं असेल तर अडवायला काही नसतंच. त्यात आणखी एक मेख आहे: काही अ‍ॅप स्क्रीनशॉटवर दोन क्रमांक दाखवतात, एक अ‍ॅपचा स्वतःचा आणि एक बारा अंकी यूपीआय संदर्भ. स्टेटमेंटमध्ये बारा अंकीच येतो, तोच लिहायचा. शोधताना मी 'रक्कम सारखी, तारखेत तीन दिवसांपर्यंत फरक, एका नोंदीत आयडी रिकामा' अशी चाळणी लावते. पण एकाच रकमेच्या दोन देणग्या खऱ्याही असू शकतात, त्यामुळे शेवटी स्टेटमेंटमध्ये डोळ्यांनी बघावंच लागतं.

उलट्या बाजूला, टॅलीत असलेल्या पण सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या दोन रकमा मिळून २६,०००. त्यातले हजार रुपये कोणीतरी थेट बँकेच्या खिडकीवर रोख भरलेले. देणारा कोण, पत्ता नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'अज्ञात देणगीदार' असं एकच खातं उघडून ते तिथे टाकले.

दुसरी रक्कम २५,००० ची, दुबईत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांच्या एनआरओ खात्यातून (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं खातं) आलेली. इथे घाई करायची नसते. परदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून देणगी, घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी संस्थेकडे नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहत असला तरी त्याची देणगी परदेशी अंशदान होत नाही. पण अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेला आपला मराठी माणूस मात्र परदेशी स्रोत ठरतो, मग त्याने पुण्यातल्या खात्यातून रुपयांत का दिले असेनात. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने यात फरक पडत नाही. काकांनी निरोप पाठवला, तासाभरात पासपोर्टची प्रत आली. भारतीय पासपोर्ट. नोंद पक्की केली. परदेशस्थ देणगीदाराच्या नोंदीत 'नागरिकत्व' हे खण सक्तीचं असायला हवं. निवासाचा देश लिहून भागत नाही.

आता ताळा: १९,४२,७१६ मधून २५,०००, ५१,००० आणि ११,५०३ वजा, २६,००० मिळवले, झाले १८,८१,२१३. टॅलीचे १८,७१,७७३ अधिक ९,४४०, तेही १८,८१,२१३. काकांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं.

पण रक्कम जुळणं हा सोपा भाग. १०बीडीत नाव आणि ओळख जुळावी लागते, आणि वसतिगृहाच्या बाबतीत तिथे वेगळीच अडचण होती. संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एक दिवसाच्या जेवणाच्या देणग्यांचा: कोणी मुलाच्या वाढदिवसाला देतं, बरेच जण आईवडिलांच्या तिथीला. ताई पावतीवर लिहितात त्याच क्रमाने सॉफ्टवेअरमध्येही भरत होत्या, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी देणगीदार म्हणून 'कै.' लागलेलं नाव आणि खाली मुलाचा पॅन. तसंच वर गेलं असतं तर प्रमाणपत्र दिवंगत आईच्या नावे निघालं असतं आणि मुलाला त्याचा उपयोग शून्य. ज्याच्या खात्यातून पैसे आले तो देणगीदार. ज्यांच्या स्मरणार्थ दिले त्यांचं नाव 'सॉफ्ट क्रेडिट'मध्ये, 'इन मेमरी ऑफ' या प्रकाराखाली. पावतीच्या साच्यात दोन्ही छापता येतात.

तिथीचाच आणखी एक त्रास, १०बीडीशी संबंध नसलेला, पण देणग्या त्यानेच गळतात. सॉफ्टवेअरची वार्षिक आठवण इंग्रजी तारखेने जाते. २०२२ साली सर्वपित्री अमावास्या २५ सप्टेंबरला होती; अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ती १४ ऑक्टोबरला आली. पितृपक्षातल्या देणगीदारांना आठवणीचे संदेश तीन आठवडे आधी गेले, आणि प्रत्यक्ष तिथीला कोणीच फोन केला नाही. महिना, पक्ष आणि तिथी अशी तीन खणं वेगळी करून, नवं पंचांग आलं की त्या वर्षाच्या तारखांचा एक स्तंभ भरून आयात करणं, एवढाच उपाय मला माहीत आहे. काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या दिवसात होतं.

दुपारी दुहेरी नावांकडे वळलो. एकच देणगीदार एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत, एकदा 'सौ.' लावून, एकदा माहेरच्या नावाने. नावावरून दुहेरी नोंदी शोधायचा नियम इथे चालत नाही. मोबाइलवरून शोधा म्हणावं तर घरात नवराबायकोच्या दोघांच्या नोंदींवर एकच नंबर. फक्त मोबाइल बघून नोंदी एकत्र केल्या की बायकोची देणगी नवऱ्याच्या पॅनवर जाते, आणि एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करायची सोय नाही. पॅन जुळला तर एकत्र करायच्या, नुसता मोबाइल जुळला तर आधी फोन करायचा, असं ठरवलं. पॅनचं चौथं अक्षरही बघावं: व्यक्तीला 'पी', कंपनीला 'सी', हिंदू अविभक्त कुटुंबाला 'एच', ट्रस्टला 'टी'. व्यक्तीच्या नावापुढे 'एच' दिसला की पैसे कुटुंबाच्या खात्यातून आलेत का ते विचारायचं.

मग पोर्टलवर चढवायची सीएसव्ही फाइल. पोर्टलच्या साच्यात ओळखपत्राचा प्रकार आकड्याने निवडायचा असतो: १ पॅन, २ आधार, पुढे पासपोर्ट, मतदार ओळखपत्र वगैरे. देणगीचा प्रकार कॉर्पस (कायम निधी), विशिष्ट अनुदान की इतर, आणि मार्ग रोख, वस्तुरूप, इलेक्ट्रॉनिक (खात्यात जमा होणारा चेक यातच) की इतर. एकाच माणसाचे महिन्याला ५०० प्रमाणे बारा हप्ते ६,००० च्या एका ओळीत येतात, पण त्याने काही रोखही दिलं असेल तर ती ओळ वेगळी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही. एक्सेलचा सापळा आधार क्रमांकात असतो. स्तंभ आधीच 'टेक्स्ट' केला नसेल तर बारा अंकांचं रूपांतर 'ई+११' अशा शेपटीच्या आकड्यात होतं, आणि तशी फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की मागचे अंक कायमचे जातात. दोन ओळींत टाइप केलेले पत्ते एका ओळीत आणले, नावं पॅनवर आहेत तशी रोमन लिपीत घेतली.

ओळखपत्र नसलेल्या देणग्या ३७,४०७ रुपयांच्या उरल्या, बहुतेक क्यूआरवरच्या छोट्या रकमा. त्या १०बीडीतून वगळल्या, विवरण १८,४३,८०६ चं झालं. काकांना भीती निनावी देणगीवरच्या कराची. पण कलम ११५बीबीसीला नाव-पत्त्याची नोंद लागते, पॅन नाही, आणि यातल्या बऱ्याच जणांची नावं-पत्ते संस्थेकडे होते. शिवाय एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा एक लाख, यातलं जे जास्त तेवढ्यापर्यंत तो ३० टक्के कर लागत नाही. इथे ५ टक्के म्हणजे ९४ हजारांच्या आसपास, म्हणून मर्यादा एक लाखाची. ताळेबंद आणि १०बीडी यांतला फरक दाखवणारं एक पानी जुळवणीपत्रक मात्र त्याच दिवशी करून फाइलला लावलं. वर्षाने विचारलं तर कोणाला आठवत नाही.

संध्याकाळी विवरण दाखल करायला अध्यक्षांना फोन करून ओटीपी घेतला. बाई नातीच्या लग्नाच्या गडबडीत होत्या, त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं म्हणून जमलं. पोचक्रमांक आला.

३१ तारखेला संध्याकाळी प्रमाणपत्रं उतरवून ईमेल केली. काहींनी कळवलं की ते नव्या कररचनेत आहेत, त्यांना ८०जीचा फायदा नाही; तरी विवरणात त्यांचं नाव द्यावंच लागतं. पहिली तक्रार रात्री आली: ताईंनी नोंदीत पतीचं नाव मधे घातलेलं, पॅनवर वडिलांचं. सुधारित १०बीडी भरता येतं, पण अशा दुरुस्त्या एकेक करत बसू नये. काकांनी जूनच्या मध्यापर्यंत येतील तेवढ्या एका वहीत लिहून ठेवायला सांगितलं, म्हणजे सुधारित विवरण एकदाच भरता येईल.