वॉरम पर्सी: लोहाराच्या कचऱ्याचा माग

गाडी वर लावायची आणि उतारानं खाली चालत सुटायचं, एक-सव्वा किलोमीटर. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्या आहेत, त्यांच्या एका घळीला लागून हे ओसाड मध्ययुगीन गाव आहे. तिकीट नाही, दुकान नाही. पाऊस होऊन गेला असेल तर पायवाट निसरडी असते, बूट चांगले घाला.

उभं असं काय उरलंय, तर सेंट मार्टिन चर्च, तेही बिनछपराचं. त्याचा अर्धा मनोरा १९५९ मध्ये कोसळला. बहुतेक मंडळी तिथे फोटो काढतात, तळ्याकाठी टेकतात आणि परत फिरतात. मी वरचं पठार गाठलं. तिथे गवताखाली घरांचे आणि परसांचे उंचवटे ओळीनं दिसतात. ऊन तिरपं असेल तर अगदी स्पष्ट.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं, उन्हाळ्यामागून उन्हाळे, इथे उत्खनन चालवलं. गाव १५०० च्या सुमारास उठलं. जमीन मेंढ्यांना दिली गेली. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला कुतूहल होतं ते नांगरापलीकडच्या कामाचं.

दक्षिणेकडच्या वाड्याच्या जागेत आठव्या शतकातली लोहारशाळा सापडली. जोडीला धातू ओतायच्या मुशी आणि मातीचे साचे. आता लोहारशाळा ओळखायची कशी? ऐरण, घण, सांडशी कोणी मागे टाकून जात नाही. लोखंड मोलाचं, मोडलं तरी पुन्हा तापवून वापरात यायचं. मागे राहतो तो कचरा. तापलेल्या लोखंडावर घण बसला की काळे पापुद्रे उडतात, कांद्याच्या सालीहून पातळ. शिवाय बारीक गोळ्याही, त्या बहुतेक लोखंडाला लोखंड जोडताना उडतात. दोन्ही लोहचुंबकाला चिकटतात. जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकातली माती चुंबकानं तपासली, की जिथे पापुद्रे सर्वांत दाट तिथेच जवळपास ऐरण होती असं धरता येतं. धातुक, म्हणजे लोखंडाचे कच्चे दगड, वितळवण्याच्या भट्टीतून मात्र ओघळून थिजलेली मळी, म्हणजे काचेसारखा टाकाऊ गाळ निघतो. म्हणजे गावात लोखंड गाळलं जायचं की नुसतं घडवलं जायचं, हेही कचराच सांगतो. मला तर ही पद्धत कुठल्याही सोन्याच्या हंड्यापेक्षा भारी वाटते.

विणकामात गंमत उलटी होते. चातीला वजन यावं म्हणून तिच्यात अडकवायच्या भोकाच्या चकत्या इथे सापडल्यात. खेड्यांच्या जुन्या थरांत उभ्या मागावरचं सूत ताणून धरणारी मातीची वजनंही मिळतात, पुढच्या थरांत ती दिसेनाशी होतात. विणकर संपले म्हणून नव्हे, तर आडवा पायमाग आला म्हणून. तो सगळा लाकडाचा, कुजून जाणारा. पुरावा नाही म्हणजे धंदा नाही, असं म्हणायची घाई पुरातत्त्वात फार महागात पडते.

कुंभारकामाचं म्हणाल तर पूर्व यॉर्कशायरमध्ये त्यासाठी स्टॅक्सटनसारखी वेगळी गावं होती. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या लाइव्हडेनला तर शेतकऱ्यांच्या परसातच भट्ट्या निघाल्या. तिकडे अजून जायचंय.

जागेवरच्या फलकांवर सगळं मावत नाही. जाणार असाल तर दक्षिणेकडच्या वाड्याचा उत्खनन-आराखडा आधी पाहून ठेवा, नाहीतर लोहारशाळेच्या जागेवरून पुढे निघून जाल आणि पत्ताही लागणार नाही.