आल्टोच्या ओळीतून

नाताळच्या कार्यक्रमाची तालीम आमच्या हौशी वृंदात सप्टेंबरातच सुरू होते, त्यामुळे प्रत्यक्ष सण येईपर्यंत ती गाणी घरच्यांनाही नकोशी झालेली असतात. माझी जागा आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत. श्रोते घरी जाताना गुणगुणतात ती चाल सोप्रानोंच्या, म्हणजे वरच्या आवाजांच्या, वाट्याला येते. आम्ही मात्र एकाच स्वरावर मुक्काम ठोकतो आणि मग मध्येच अर्ध्या स्वराने खाली उतरतो. ही ओळ एकटीने म्हटली तर गाणे वाटतच नाही, पण त्या एका उतरण्याने साऱ्या स्वरमेळाचा रंग पालटतो.

खरी मेहनत श्वासाची असते. स्वर लांबवायचा असला, की शेजारणीबरोबर श्वास घ्यायचा नाही, अशी संचालिकेची सक्त ताकीद असते. प्रत्येकीने निराळ्या क्षणी, प्रसंगी शब्दाच्या मधोमध, आवाज हळूच मिटवून श्वास घ्यायचा आणि तितक्याच हळू पुन्हा मिसळायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकदमच वाढते आणि उतरते, असे 2013 साली गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले होते. मात्र त्यामागे एका लयीत घेतलेला श्वास असतो, तेव्हा आमच्या या चोरट्या श्वासांनी त्यांचे आलेख बिघडवलेच असते.

वाद्याविना गाताना सूर नकळत उतरतो. गाणे संपल्यावर संचालिका पियानोची पट्टी दाबून पाहते आणि खापर बहुधा आल्टोंवर फुटते, कारण एका स्वरावर रेंगाळणाऱ्यांचाच सूर आधी ढळतो.

कार्यक्रमाची सांगता संगीतकार हँडेलच्या 'मसाया' या दीर्घ धार्मिक गायनरचनेतल्या 'हालेलुया' या समूहगीताने होते. ही रचना पहिल्यांदा सादर झाली ती डब्लिनमध्ये, 13 एप्रिल 1742 रोजी, म्हणजे नाताळात नव्हे तर ईस्टरच्या तोंडावर. आणि वृंदातली आल्टोची ओळ तेव्हा कॅथेड्रलमधल्या पुरुष गायकांनी गायली होती. मला ही माहिती उगीचच सुखावते.

पुढे ध्वनिमुद्रण ऐकताना घरचे हमखास विचारतात, यात तुझा आवाज कोणता? तो वेगळा ऐकू आला असता, तर संचालिकेने मला तालमीतच टोकले असते.