‘चौघीजणी’ आणि हळदीचे आडते

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या वाचनालयाच्या बालविभागात दोन तास मान वर करायला फुरसत नसते. देवघेवीच्या टेबलापुढे दप्तरांसकट झुंबड, कुणाचं कार्ड हरवलेलं, कुणाच्या पुस्तकाची पानं सुटलेली. त्या झुंबडीतून वाट काढत आप्पा आले. आप्पा म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे जुने आडते. आमचे आजीव सभासद, रहस्यकथांचं कपाट कोळून प्यायलेले. मागे सातवीतला नातू, मान खाली घालून. आप्पांनी ‘चौघीजणी’, म्हणजे शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं ‘लिटल विमेन’, टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

“बाई, पोराला बायकांचं पुस्तक दिलंत? वर्गात पोरं ह्याला ‘पाचवी’ म्हणाय लागलीत.”

रांगेतल्या दोन मुली फिसकन हसल्या. नातवाचे कान लालबुंद झाले.

पुस्तक मी दिलं नव्हतं, त्यानंच निवडलं होतं. घरी होते तेवढे सगळे ‘फास्टर फेणे’ वाचून झाले होते आणि त्याला ‘जाड काहीतरी’ हवं होतं. पण ते सांगत बसण्यापेक्षा माझ्या मनात दुसरंच आलं. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश फेणे आमच्याकडे मुली ढिगानं नेतात. आजवर एकाही बापानं ‘पोरीला पोरांचं पुस्तक का दिलंत’ म्हणून तो परत आणलेला नाही. उलट कौतुकच, धीट होईल म्हणून. मुलीनं सायकलवरून चोराचा पाठलाग करणारा मुलगा वाचला की ती पुढे जाते, आणि मुलानं चार बहिणी वाचल्या की तो घसरतो, असा काहीतरी हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. मुलींच्या पुस्तकांबद्दल आपण भरभरून बोलतो. मुलग्यांना ती वाचायला कोण देतं, हे कुणी विचारत नाही.

खरं तर ‘मुलींचं पुस्तक’ हा शिक्का मूळ अमेरिकन लेखिकेलाही नकोसाच होता. ल्युइसा मे अल्कॉटला प्रकाशकानं ‘मुलींसाठी एक लिहून द्या’ म्हणून गळ घातली. आपल्या बहिणी सोडल्या तर मुली मला कधी आवडल्या नाहीत, असं तिनं रोजनिशीत लिहून ठेवलंय. पण घरची ओढाताण होती, म्हणून लिहिलं. पहिला भाग 1868 सालचा.

हे सगळं आप्पांना सांगून उपयोग नव्हता. मी नातवालाच विचारलं, “तो शेजारचा मुलगा, लॉरी, आला का रे गोष्टीत?”

त्यानं मान हलवली.

“त्याचं खरं नाव थिओडोर. शाळेतली पोरं त्याला ‘डोरा’ म्हणून चिडवायची. मूळ इंग्रजीत तो हे चौघींतल्या ज्योला सांगतो. तिलाही तिचं जोसेफिन हे नाव आवडत नसतं, म्हणून ती विचारते, मग तू पोरांना थांबवलंस कसं?”

“कसं?” हे आप्पांनी विचारलं.

“बडवून काढलं त्यांना.”

आप्पांचा चेहरा एकदम सैल पडला. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात बसून मी मारामारीची शिफारस करत होते, हे माझ्या ध्यानात आलं, पण आता माघार कशी घेणार? मी पुढे रेटलं. लॉरीला संगीताचं वेड, आईबाप नाहीत, आजोबांकडे वाढलेला. आणि आजोबांची इच्छा एकच, नातवानं आपल्यासारखा हिंदुस्थानशी व्यापार करावा.

“हिंदुस्थानशी? कसला माल?”

“ते काही पुस्तकात येत नाही. पण त्या काळात बोस्टनहून कलकत्त्याला, मुंबईला चक्क बर्फ यायचा, जहाजानं.”

“वितळंल की!”

“लाकडाच्या भुशात भरून आणायचे.”

“तूट किती धरत असतील?”

पन्नास वर्षं आडत केलेल्या माणसाचाच हा प्रश्न. सुदैवानं मला आकडा ठाऊक होता. 1833 साली कलकत्त्याला पहिलं जहाज गेलं, तेव्हा सुमारे 180 टनांतला 100 टन पोचला होता. आप्पांनी मनातल्या मनात काहीतरी मांडलं, मान डोलावली आणि पुस्तक स्वतःकडे ओढलं. मागे रांग कुरकुरत होती.

“आणि ते पोरगं? बसतं का शेवटी दुकानात?”

“सांगू नका!” नातू ओरडला. तिथे आल्यापासून त्याचं दुसरंच बोलणं हे. पहिलं, ‘मी निम्मं वाचलंय’, एवढंच होतं.

मी त्याला आतल्या टेबलावरून तारखेचा शिक्का आणायला पिटाळलं आणि हळूच सांगितलं, “बसतं.” खोटं नव्हतं. व्हिएन्नाला जाऊन संगीत लिहून पाहतो, आपल्यात तेवढी प्रतिभा नाही हे कळतं, नि धंद्याला लागतो. ज्योनं त्याला नकार दिलेला असतो, हे मात्र मी आप्पांना सांगितलं नाही. एका दिवसात किती पचवायचं एखाद्यानं.

“मग मारा शिक्का,” आप्पा म्हणाले. “पण शाळेत न्यायचं नाही.”

पुस्तक मुदतीच्या आत परत आलं. नातू एकटाच आला होता आणि चांगलाच तापलेला होता. ज्यो केस विकून 25 डॉलर आणते, तिथवर त्याला सगळं पसंत होतं. नंतर म्हणे नुसता विचका. लॉरीनं पियानो सोडायला नको होता आणि ज्योनं त्या प्रोफेसरशी लग्न करायला नको होतं. “ती म्हणाली होती ना, लग्न नाही करणार!”

मी त्याला सांगितलं की लेखिकेच्याही मनात ते नव्हतं. ज्योला अविवाहित, लिहिणारी बाईच ठेवायची होती. पण पहिला भाग वाचून पोरींनी पत्रांचा भडिमार केला, लॉरीशी नाहीतर कुणाशीतरी लग्न लावाच म्हणून. नाही म्हणायचं धाडस होईना, तेव्हा मुद्दाम खोडी काढल्यासारखा हा जगावेगळा जोडा जमवला, असं तिनं 1869 साली एका मैत्रिणीला कळवलंय. ती स्वतः आयुष्यभर बिनलग्नाचीच राहिली.

तो टेबलाला रेलून ऐकत होता.

“म्हणजे सगळा घोळ वाचणाऱ्यांनी केला,” तो म्हणाला, आणि पुढचं जाड पुस्तक शोधायला कपाटाकडे गेला.