फक्त रात्रीच होणारा बिघाड

मालकांची तक्रार एकच होती: रात्री एआयएसवर, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रणेवर, जहाजं दिसत नाहीत. शिडाची बोट, त्या यंत्रणेचे सिग्नल घेणारा-देणारा नवा ट्रान्सपॉन्डर, नकाशावर जहाजं दाखवणारा नवा प्लॉटर. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा भर दिवसा. स्क्रीनवर जहाजांच्या त्रिकोणी खुणांची गर्दी होती, दहा-बारा मैलांवरची जहाजंही येत होती. कनेक्टर उघडून पाहिले, अँटेना आणि तिची केबल ठीक आहे का ते सांगणारा एसडब्ल्यूआर मोजला. काहीच सापडेना. "सगळं ठीक आहे" म्हणून निघून आलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण पुढच्याच आठवड्यात एक मालवाहू जहाज त्यांना आधी डोळ्यांनी दिसलं आणि प्लॉटरवर नंतर उमटलं. "आता अंधार पडल्यावरच या," एवढंच ते फोनवर म्हणाले.

संध्याकाळी गेलो. त्यांनी सवयीने डोलकाठीच्या टोकावरचा दिवा लावला, आणि काही मिनिटांत लांबचे त्रिकोण एकेक करून पुसले जाऊ लागले. मी दिवा बंद करायला लावला, बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ एका रिकाम्या चॅनलवर नेला, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्चचा, म्हणजे क्षीण आवाज दाबून टाकणारा, नॉब फिरवला. "आता लावा." दिवा लागला तशी खरखर उसळली. बंद केला, शांत. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

दिवा एलईडीचा, हल्लीच बदललेला. त्यातलं ड्रायव्हर सर्किट वीज सेकंदाला लाखो वेळा तोडतं-जोडतं. आवरण नीट नसेल तर तो गोंगाट थेट व्हीएचएफच्या पट्ट्यात शिरतो. एआयएस चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर, आणि अँटेना दिव्यापासून वीतभर अंतरावर! आपली बोट इतरांना दिसत होती, फक्त दुरून येणारे क्षीण सिग्नल गोंगाटात बुडत होते.

मला जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रात्री रेडिओ फार खरखरतो म्हणून मालक नॉब पार पिळून ठेवायचे. म्हणजे १६ नंबरच्या चॅनलवर कुणी दुरून मदतीसाठी हाक मारली असती, तरी केबिनमध्ये शांतताच राहिली असती.

वायरवर फेराइट, म्हणजे असा गोंगाट शोषणारं कडं, चढवून पाहिलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी वर चढून जुना फिलामेंटचा बल्ब बसवला. व्हीएचएफजवळ त्रास देत नाही अशी चाचणी झालेला दिवा मिळेपर्यंत तोच राहणार होता. खाली उतरल्यावर नॉब पुन्हा खरखर थांबते तिथवर आणला आणि त्या जागी पेन्सिलने बारीक खूण केली.