विजेरी विझवल्यावर दिसलेले उदमांजर

फिरायला आलेली मंडळी पांगली की उद्यानातली पाळी बदलते, हे ठाऊक असूनही वडाच्या फांदीवरून रोखलेले दोन चमकते ठिपके पाहून छातीत धस्स झालेच. विजेरीचा झोत खाली वळवताच ते ठिपके नाहीसे झाले. ही चमक त्या डोळ्यांची स्वतःची नसते: अनेक निशाचरांच्या दृष्टिपटलामागे एक परावर्तक थर असतो आणि पटलातून निसटलेला प्रकाश तो पुन्हा पटलावर परतवतो, त्यामुळे अपुऱ्या उजेडातही त्यांचे भागते.

आपल्याजवळ ती सोय नाही. माणसाच्या डोळ्यांना अंधार पुरता सरावण्यासाठी २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून विजेरी विझवून मी बाकावर बसून राहिलो. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नजरेच्या अगदी केंद्रस्थानी नसतात, त्यामुळे अंधारातली वस्तू पाहायची तर नजर तिच्या किंचित बाजूला ठेवावी लागते. (कोणाकडे टक लावून पाहू नये, हा शिष्टाचार इथे शरीररचनेनेच लादलेला आहे.) तसे पाहत असताना फांदीवरचा गडद आकार हलला, त्याची लांब शेपटी खाली लोंबली आणि ते उदमांजर असल्याची खात्री पटली. मांसभक्षक गणातला हा प्राणी उंदीर आणि कीटक खात असला, तरी त्याचा मुख्य आहार फळांचा; गिळलेल्या बिया विष्ठेतून शाबूत बाहेर पडतात आणि त्यांतल्या काही दूरवर रुजतात.

‘सायन्स’ नियतकालिकातील २०१८च्या एका अभ्यासात सहा खंडांतील ६२ सस्तन प्रजातींची माहिती तपासली गेली, तेव्हा माणसाच्या वावरामुळे प्राण्यांचे रात्रीचे व्यवहार सरासरी १.३६ पट वाढल्याचे आढळले. त्यासाठी शिकारच व्हावी लागते असे नाही, पायी भटकंतीही पुरते. आधीच निशाचर असलेल्या उदमांजराकडे मात्र सरकायला दुसरी वेळ नाही.

म्हणूनच शोभेसाठी झाडांवर सोडलेले रंगीत झोत मला मुळीच पटत नाहीत. दिव्यांभोवती जमणाऱ्या किड्यांवर काही चपळ वटवाघळांचे पोट भरते हे खरे, परंतु संथ उडणाऱ्या कित्येक जाती उजेड टाळून लांबचा मार्ग धरतात. चालणाऱ्याच्या पायांपुरता, खाली वळवलेला उजेड वाटेवर असावा. फांद्या उजळण्याचे काही कारण मला दिसत नाही.