तुम्ही विचारलंत म्हणून: नॉर्डश्लाइफवर एवढं काय आहे?

जर्मनीत नोकरीला गेलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "न्युर्बुर्गरिंगवर स्वतःची गाडी नेता येते म्हणे. त्यात एवढं काय?"

नेता येते. न्युर्बुर्गरिंग हा मोटार शर्यतींचा ट्रॅक, आणि नॉर्डश्लाइफ हा त्याचा जुना, लांब भाग. ट्रॅक सर्वांना खुला असेल त्या दिवशी फेरीचं तिकीट काढायचं आणि फाटकातून आत शिरायचं. 1927 साली सुरू झालेली ही नॉर्डश्लाइफ आयफेल या डोंगराळ भागातल्या जंगलातून 20.8 किलोमीटर फिरते. चढ-उतारांतला फरक जवळपास 300 मीटरचा. मजा आणि अडचण दोन्ही या लांबीतच. छोट्या ट्रॅकवर चुकलेलं वळण दोन मिनिटांत पुन्हा समोर येतं. इथे नवख्याला दहा-बारा मिनिटं लागतात, तोवर आधीचं डोक्यातून गेलेलं असतं. त्यात एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला पाऊस. 2024ची 24 तासांची शर्यत तर धुक्यानेच खाल्ली.

फुक्सरोरे या टप्प्याच्या उतारावरची वळणं जवळजवळ सरळ रेषेत निघतात. तळाशी गाडी सस्पेन्शनवर दबते. तिथे ब्रेक मारू नका, चढाला लागून गाडी सावरली की मारा. मात्र उशीर नको, कारण पुढचं आडेनाउअर फोर्स्ट हे वळण चढामागे दडलेलं आहे आणि नवखे तिथेच गवतात जातात. त्याच्याही पुढचं कारुसेल हे वळण डावीकडे वळतं, आतला पट्टा काँक्रीटचा आणि तिरपा. त्यात हळू उतरा, काँक्रीट संपेपर्यंत स्टिअरिंग धरून ठेवा.

गाडीचं सर्वांत आधी दमतं ते ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा द्रव. जुन्या फ्लुइडने ओलावा शोषलेला असतो, तो उतारावरच्या सततच्या ब्रेकिंगने उकळतो आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. म्हणून ताजं डॉट 4 प्रतीचं फ्लुइड भरून जा.

ओव्हरटेक फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली तर उजवीकडे राहा, उजवा इंडिकेटर द्या. वेळ मोजायला आणि चित्रीकरणाला बंदी आहे. विमा बहुतेक वेळा इथलं नुकसान भरत नाही, आणि वाकलेल्या कठड्याचं बिल तुमच्याच नावावर येतं. नेहमीची भाड्याची गाडी आणायचा मोह तर टाळाच. करारात सहसा स्पष्ट मनाई असते.

शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे ब्रेकना वारा लागेल. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात.